बोलावणं आलंय? मग हुकूम पाळा!

सम्राटाला युद्धाची हुक्की आली आणि तुमच्या दारात बोलावणं येऊन थडकलं, तर घाबरू नका. पळू नका, बंड तर मुळीच करू नका. बंडखोराला भिंतीपाशी उभं करतात. त्यात साम्राज्याचं एक काडतूस खर्ची पडतं, बाकी काही नाही. लष्कराला खरोखर जेरीला आणायचं असेल, तर त्याचा प्रत्येक हुकूम पाळा. तोही हसतमुखाने, "नम्रपणे कळवतो की..." अशी सुरुवात करून. या विद्येतला तुमचा गुरू म्हणजे झेक लेखक यारोस्लाव्ह हाशेकच्या कादंबरीतला श्वेक: प्रागमध्ये खोट्या वंशावळीची कुत्री विकणारा, सरकारी डॉक्टरांनी मूर्ख ठरवलेला भला शिपाई.

आधी बातमी नीट समजून घ्या. जून १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज मारला गेला आणि त्यावरून पहिलं महायुद्ध पेटलं. फर्डिनांड गेला, असं घरकामाच्या बाईंनी सांगितलं तेव्हा श्वेकने विचारलं, कोणता? त्याच्या ओळखीत दोन फर्डिनांड होते. एक चुकून केसांचं तेल प्यायलेला, दुसरा कुत्र्यांची घाण गोळा करणारा. दोघांपैकी कुणीही गेला असता तरी श्वेकला हळहळ नव्हती.

गुत्त्यात मात्र जपून. 'ऊ कालिखा'चा मालक पालिवेत्स राजकारणावर चकार शब्द काढत नसे. सम्राटाची तसबीर भिंतीवर का दिसत नाही, असं साध्या वेशातल्या पोलिसाने विचारलं. माश्या तिच्यावर घाण करत म्हणून माळ्यावर टाकली, एवढंच बिचारा बोलला. दहा वर्षांची कैद! तेव्हा तसबिरीला हात लावू नका. राजद्रोह माश्यांच्या नावावर राहू द्या.

संधिवात असला तरी भरतीला जाच. चाकाच्या खुर्चीत बसून, कुबड्या नाचवत, शत्रूच्या राजधानीच्या नावाने "चलो बेलग्रेड!" ओरडत जा. तुमची देशभक्ती पाहून तुम्हाला आजाराचं सोंग करणाऱ्यांच्या वॉर्डात टाकतील. तिथली उपचारपद्धती शास्त्रशुद्ध आहे: दोन वेळचा चहा एवढंच जेवण, घाम काढायला अ‍ॅस्पिरिन, मग क्विनाइन, मग रोज दोनदा पोट धुणं, साबणाच्या पाण्याचा एनिमा आणि शेवटी थंड पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळणं. (क्षयाचा रोगीही इथे लवकर बरा होतो, निदान तसं म्हणायला लागतो.) एनिमा देणाऱ्याला तुम्हीच धीर द्या. माझी गय करू नकोस, तुझा सख्खा भाऊ असता तरी हात आखडू नकोस, साम्राज्य या एनिम्यांवर तर उभं आहे, असं सांगा. श्वेकने सांगितलं होतं. यावर काय शिक्षा द्यायची, हे कुठल्याच नियमावलीत नसतं.

साहेबांची मर्जी सांभाळा. लेफ्टनंट लुकाशला कुत्रा हवा होता, श्वेकने आणवून दिला. तो कर्नलचा चोरलेला होता, एवढी बारीकशी बाब. साहेब आणि श्वेक, दोघांचीही रवानगी आघाडीच्या वाटेवर झाली.

वाटेत गाडी चुकली तर पायी निघा. पलटणीच्या तळावर, बुद्येयोव्हिट्सेला, पोचायचं असेल तर भलत्याच दिशेने चाला. पृथ्वी गोल आहे. पोलीस हेर म्हणून धरतील, तेव्हा सगळं खरं सांगा. इतकं मोकळेपणाने बोलतो म्हणजे हा पोचलेला हेरच, अशी त्यांची खात्री पटेल. कॅमेरा नाही म्हणालात, तर केवळ कॅमेऱ्याअभावी स्टेशनचे फोटो काढता आले नाहीत, अशी नोंद होईल.

आणि हो, डोकं वापरा. श्वेकच्या पलटणीची गुप्त लिपी एका कादंबरीच्या दुसऱ्या भागावर बेतलेली होती. पुस्तकं अधिकाऱ्यांकडे पोचवण्याचं काम श्वेककडे. पहिला भाग वाचल्याशिवाय दुसरा कोण वाचतं, अशा रसिक विचाराने त्याने सगळ्यांना पहिलाच भाग दिला. साहित्याची इतकी काळजी घेणारा शिपाई सम्राटाला दुसरा मिळाला नसेल.

शत्रूचा गणवेश सापडला तर घालून बघायला हरकत नाही. श्वेकने तळ्याकाठी रशियन सदरा चढवला आणि स्वतःच्याच सैन्याच्या कैदेत पडला. खुद्द हाशेक १९१५ मध्ये रशियनांच्या हाती लागला होता, पण ते कैदेत पडणं अगदीच सरळमार्गी.

शेवटचं पथ्य: मित्राशी भेट ठरवून ठेवा. युद्ध संपल्यावर, संध्याकाळी सहाला, 'ऊ कालिखा'त, असं श्वेक आणि व्होदिच्काचं ठरलं होतं. उशीर झालाच तर असावं म्हणून श्वेकने साडेसहा सुचवून पाहिले, व्होदिच्का ऐकेना. ३ जानेवारी १९२३ ला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हाशेक गेला. कादंबरी अर्धवट राहिली आणि तिच्यातलं युद्धही संपायचं राहिलं. तेव्हा सहाच्या ठोक्याला पोचायची घाई नको. साडेसातला गेलात तरी बाक रिकामाच मिळेल.