ती गोळी उंदरांनी खाल्ली होती

'कार्निटिन आणि लायपोइक ॲसिड घ्या, म्हातारपणी गेलेली स्मरणशक्ती परत येते, प्रयोगाने सिद्ध!' असा मजकूर फिरतो आहे. ही दोन्ही गोळ्यांच्या रूपात विकली जाणारी आहारपूरकं. प्रयोग खरा आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातल्या गटाने तो २००२ साली प्रसिद्ध केला. पण तो म्हाताऱ्या उंदरांवरचा, आणि सुधारणा अंशतःच झाल्याचं त्याच्या शीर्षकातच म्हटलंय. फिरवणाऱ्यांनी तेवढं गाळलं.

स्मृती मोजली कशी, हेही पाहावं. उंदराला गढूळ पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्याखाली चौथरा दडवलेला असतो; भोवतालच्या खुणा आठवून उंदीर तिथे किती लवकर पोहोचतो, ते मोजायचं. दमलेला किंवा नजर अधू झालेला उंदीरही इथे विसराळू ठरू शकतो, म्हणून पोहण्याचा वेग आणि दृष्टी वेगळी तपासावी लागते.

माणसांवरची मोठी चाचणी जिंको या दुसऱ्या आहारपूरकाची (जिंको झाडाच्या पानांच्या अर्काची) झाली. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांपैकी काहींना जिंको, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी वर्षानुवर्षं दिली. २००८ मध्ये निकाल आला: जिंकोमुळे स्मृतिभ्रंश कमी झाला नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर जिंको डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. रक्तस्रावाचा धोका असतो.