आरएक्स, येझदी का राजदूत? धाकट्याच्या जुन्या गाडीवरनं कट्ट्यावर झालेली वादावादी

आमच्या धाकट्याला जुनी मोटारसायकल घ्यायचीय. ऑफिसला जायला स्कूटर आहेच त्याच्याकडं, ही नुसती फिरायला. रविवारी सकाळी मिसळीला, संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर, फार तर कळंब्यापर्यंत, अन् पाऊस नसला तर वर्षातनं दोनतीनदा पन्हाळा. एवढाच वापर. त्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या कट्ट्यावर हा विषय टाकला आणि साडेसातला सुरू झालेलं बोलणं दहाला लेथवाल्यानं शटर ओढलं तरी थांबलं नव्हतं, म्हणून सगळं लिहूनच काढतोय, कारण अशी गाडी शोधणारे पोरं आता घरटी एक आहेत आणि त्यांना सांगणारं कुणी नसतं.

धाकट्याच्या डोक्यात अर्थातच यामाहाची आरएक्स १००. मोबाईलमधे फोटो तयार, काळी गाडी, क्रोमचं मडगार्ड, किंमत लाखाच्या वर. कट्ट्यावरचा मास्तर म्हणाला, "९८ सीसीची गाडी, १९९६ ला बंद झालेली, आणि एवढे पैसे? नवी येते त्यात." धाकटा म्हणाला, "नवीला तो आवाज नाही." ह्यावर मास्तरकडं उत्तर नव्हतं, कारण आवाज खरंच नाही. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, गल्लीच्या टोकाला आरएक्स वळली की घरात बसून कळायचं कोण आलं ते.

पण मामांनी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मामा चाळीस वर्षं फिटर, त्यांच्या हाताखालनं किती इंजिनं गेली असतील त्याचा हिशोब नाही. मग म्हणाले, "चेसिस नंबरचा फोटो माग त्याच्याकडनं. खऱ्या आरएक्स हंड्रेडचा नंबर १एल१ नं चालू होतोय. आरएक्स एकशेपस्तीसची चेसिस घ्यायची, तिला हंड्रेडची टाकी, हंड्रेडचे स्टिकर लावायचे आन् लाखाला इकायची, असलं लई चालू हाय बाबा. आन् पावडर कोटिंग केलेली गाडी तर मी हातबी लावत न्हाई." धाकट्यानं विचारलं का, रंग चांगलाय की. मामा म्हणाले, "रंग चांगलाय म्हणूनच. खाली नंबर बुजलाय का पुन्हा पंच केलाय, कसं कळणार तुला?"

इथं वकिलाला तोंड फुटलं. आमचा वकील कोर्टात किती बोलतो माहीत नाही पण आरटीओच्या विषयात त्याला थांबवता येत नाही, आणि खरं सांगतो, त्या रात्रीचं सगळ्यात कामाचं बोलणं त्याचंच होतं. धाकट्यानं सहज म्हटलं होतं की पन्नास वर्षं जुनी जावा मिळाली तर व्हिंटेजमधे नोंदवून घेऊ, ती व्हीए अक्षरांची नंबरप्लेट भारी दिसते. वकील म्हणाला, "नियम वाचलास का? २०२१ चा आहे. गाडी पहिल्या नोंदणीपासनं पन्नास वर्षांवरची पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, नोंदणीची फी वीस हजार. ते पण भरशील तू. पण व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथं जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मिसळ खायला नाही."

धाकट्याचा चेहरा उतरला. म्हणजे ज्याला गाडी चालवायचीय त्यानं व्हिंटेजच्या वाटेला जायचंच नाही, साधी नोंदणी जिवंत ठेवायची आणि दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करून घ्यायचं. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी आता दोन हजार केलीय, वर पर्यावरण कर, पीयूसी, थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि ती नवी एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरप्लेट. हे सगळं मिळूनसुद्धा परवडतं. परवडत नाही ती पासिंग संपून पडलेली गाडी. उशिराच्या दर महिन्याला ३०० रुपये जादा. चार वर्षं पासिंग चुकलेली असली तर ४८ महिने, म्हणजे १४,४०० रुपये नुसते उशिराचे. आणि विकणारा हे सांगत नाही, तो म्हणतो "कागद क्लिअर आहेत, फक्त रिन्यूअल राहिलंय." हे 'फक्त' ऐकलं की तिथंच थांबून हिशोब करायचा.

वकिलानं अजून एक सांगितलं जे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन चढलेलीच नसते, हिरवट-पिवळट आरसी बुक घरात असतं पण सरकारच्या 'वाहन' साइटवर नंबर टाकला तर काहीच येत नाही. मग आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, ती झाल्याशिवाय नावावर होत नाही आणि पासिंगही नाही. ते काम मूळ मालकानं, त्याच्या सहीनं, त्याच्या गावात करायचं आणि मगच पैसे द्यायचे. आणि मूळ मालक वारला असेल तर गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या. तीन भाऊ असतील आणि एक जण दुबईत असला तर ती गाडी सोडून द्यायची, कितीही आवडली तरी.

"दिल्लीला लई स्वस्त मिळतात म्हणं," मागनं कुणीतरी बोललं. मिळतात, कारण तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१४ मधे हरित लवादानं बंदी घातली तेव्हापासनं लोक विकायलाच बसलेत. पण तिथली एनओसी, वाहतूक, इथला कर, आणि गाडी न बघता घ्यायची. मामांनी नुसती मान हलवली.

मग येझदी निघाली. मामांची लाडकी. म्हैसूरच्या आयडियल जावाची, कंपनी १९९६ ला बंद पडली तरी मामांच्या लेखी अजून चालूच आहे. एकच सिलिंडर अन् दोन सायलेन्सर, किकचाच पाय आत ढकलून पुढं फिरवला की तोच गिअरचा लिव्हर, गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. मामा हे सगळं हातानं करून दाखवत होते, हवेतच. धाकटा बघत बसला होता. मलाही वाटलं की येझदीच घ्यावी. पण मग मीच विचारलं, मामा, पन्हाळा उतरताना काय? तर मामा म्हणाले, "बरं इचारलंस. ह्या टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधनंच जातंय. थ्रॉटल बंद करून गिअरवर सोडलीस उताराला, तर चाक इंजिन फिरवतंय पण ऑइल काय पोचत न्हाई. पिस्टन धरतंय. मधेमधे क्लच दाबून थोडी रेस द्यायची, सवय लागती." लिटरला चाळीस मिली ऑइल घालायचं, प्रत्येक वेळी, पंपावर मागं रांग लागली तरी मोजून घालायचं. ज्याला ह्याचा कंटाळा त्यानं टू स्ट्रोक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्तरचं म्हणणं हेच होतं. तो म्हणाला हिरो होंडा सीडी १०० बघ. १९८५ ला आली, चाळीस वर्षं झाली, म्हणजे जुनी आहेच. फोर स्ट्रोक, ऑइलची भानगड नाही, धूर नाही, ९७.२ सीसीचं तेच इंजिन पुढं स्प्लेंडरला आलं, त्यामुळं पार्टला अडत नाही, कुठल्याही खेड्यातला पोरगा उघडून बसवतो. आणि शेजाऱ्याच्या घरात धूर सोडून आपण छंद करायचा हे मास्तरला पटत नाही, हे तो मनापासनं बोलला आणि त्यात तथ्य आहे. धाकटा म्हणाला, "पण मास्तर, ती बघून कोण वळून बघणार?" मास्तर चिडला, "तुला फिरायचंय का दाखवायचंय?" दोघंही जरा गप्प झाले. मला वाटतं जुन्या गाडीत थोडं दाखवणं असतंच, त्यात वाईट काही नाही, पण लाखाची आरएक्स रंकाळ्यावर लावून मिसळ खाताना सगळं लक्ष हँडल लॉककडं असेल तर ते फिरणं कसलं.

मधेच इथेनॉल आलं. आपल्या जिल्ह्यात उसाचा विषय आला की गाडी बाजूला राहते, अर्धा तास कारखाने, टनाचा दर, एफआरपी. पण मुद्दा खरा आहे, आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ह्या गाड्या बनल्या तेव्हा असलं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतनं गंजते, जुने रबर फुगतात, कॉकच्या वॉशरमधनं गळायला लागतं. उसाचा भाव वाढू दे, शेतकऱ्याला मिळू दे, पण गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काळजी आपणच घ्यायची. मामांची पद्धत सोपी, घर दोनतीनशे मीटरवर आलं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, कार्बोरेटरमधलं संपवतच दारात यायचं. पेट्रोलची नळी अन् नीडल नवीन टाकायची. टाकी गंजलेली असेल तर आत मूठभर नटबोल्ट टाकून हलवायची, धुवायची, वाळवायची. आणि टाकीत बॅटरी मारून बघायचं, विकत घ्यायच्या आधी.

शेवटी मामांनीच सांगितलं की कागलच्या बाजूला एका रिटायर माणसाची राजदूत आहे. १७३ सीसी, तीन गिअर, पोलंडच्या एसएचएल गाडीवरनं एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला बनवलेली, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून आपल्याकडं गावोगाव पळालेली. पहिलाच मालक, जिवंत, आरसी त्याच्याच नावावर, पासिंग चालू. रंग उडालाय, सीट फाटलीय. सहा व्होल्टचा दिवा, म्हणजे रात्री नुसती मेणबत्तीच. धाकट्यानं तोंड वाकडं केलं, "राजदूत?"

इथं मी बोललो आणि अजून त्यावर ठाम आहे. गाडीचं नाव आधी ठरवून माल शोधायला गेलास तर जो माल मिळेल तो, त्याच्या कागदासकट, तुला चांगलाच वाटणार. उलटं कर. आपल्या पंचवीस किलोमीटरच्या आत कुणाच्या दारात अशी कुठली गाडी उभी आहे जिचा मालक समोर येऊन सही करतो, जिचा नंबर कुणी खरवडलेला नाही अन् जिला मामांचा हात लागणार आहे, ते बघ. रंग उडालेला असला तर उलट बरं, वेल्डिंग कुठं झालंय ते दिसतं. आणि शहरात चाळीसच्या वर जाणार कुठं तू? राजदूतच्या ड्रम ब्रेकला तो वेग झेपतो. आरएक्स त्याच्या दुपटीनं सहज पळते आणि ब्रेक तिलाही ड्रमचेच.

वकिलानं लगेच जोडलं की दीडशे सीसीच्या वर गेलास तर थर्ड पार्टी जास्त पडेल, २०२२ च्या दरांनी ७१४ च्या जागी १३६६, वर टॅक्स. मास्तर म्हणाला, "बघ, परत सीडी १००." त्याचं अजूनही तेच चाललंय, आज सकाळीसुद्धा मला एका सीडी १०० चा फोटो पाठवलाय, लाल आहे, चांगली आहे, पण कागद सांगलीच्या कुणाच्या तरी नावावर आणि तो माणूस सापडत नाही.

रविवारी कागलला जायचं ठरलंय. मामा म्हणाले सकाळी लवकर जायचं, आन् त्याला आदल्या दिवशी फोनवर सांगायचं की आमी यायच्या आधी गाडी चालू करू नको, थंड इंजिनला किती किकमधे उठती ते बघायचंय. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघायचं, कमी भरलं आणि सायलेन्सरमधनं पांढरा धूर येत असला तर क्रँकचं सील गेलंय. वकील पेन्सिल अन् पातळ कागद घेऊन येणार आहे, चेसिस नंबरचा छाप घेऊन आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवायला. धाकट्याला सांगितलंय की पैसे घरीच ठेवून ये.