उसने दिलेले पैसे परत न मिळविण्याची सभ्य रीत

तारण न घेता, व्याज न ठरविता आणि घरात न सांगता ज्याने कोणालाच कधी पैसे दिलेले नाहीत, असा नाशिककर गृहस्थ कोणाच्या पाहण्यात असल्यास त्याचा गंगाघाटावर जाहीर सत्कार करावा. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमचे पैसे अडकले आहेत, ज्याच्याकडे अडकले आहेत तो सकाळी गंगापूर रोडवर फिरताना दिसतो, आणि तो दिसताच रस्ता बदलतो कोण, तर तुम्ही. ही भीड जपून ठेवल्यास मुद्दल आपोआप जाते. कायद्याने धनकोला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, बरीच साधने दिलेली आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक साधनाला एखादा कागद, एखादी सही किंवा एखादी तारीख लागते, आणि या गोष्टी वेळेवर मागणे आपल्याकडे फारसे सभ्य समजले जात नाही. तेव्हा कोणत्या टप्प्यावर काय करू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पैसे देताना वचनचिठ्ठी लिहून घेऊ नये. एका कागदावर रक्कम, तारीख, ‘मागाल तेव्हा परत करीन’ एवढा मजकूर आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही, इतक्याने काम भागते, हे तुम्हाला ठाऊक असते. परंतु समोरचा ‘आण्णा, आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणाला, की आपण ओशाळून पेन खिशात ठेवावे. खरे म्हणजे स्टॅम्प मिळत नाही ही सबब निदान आपल्या गावात तरी चालू नये. मुद्रांक छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला, नोटा छापणारी करन्सी नोट प्रेसही नाशिकरोडलाच; नोट आणि स्टॅम्प एकाच वेळी एका टेबलावर आणण्याचे धैर्य मात्र तिथे छापले जात नाही. कागद करण्याची सुरसुरी आलीच, तर तो स्टॅम्पशिवाय करावा. कारण पुरेसा मुद्रांक नसलेली वचनचिठ्ठी मागाहून दंड भरूनही पुराव्यात वाचता येत नाही. रक्कम शक्यतो रोख द्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे उसने रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो तो घेणाऱ्याला. पण एवढ्या बारीक गोष्टी सांगून त्याला अडचणीच्या वेळी घाबरवणे बरे नव्हे. शिवाय बँकेतून पैसे पाठविले, तर खात्याच्या उताऱ्यावर कायमचा पुरावा राहतो, आणि तो उतारा उद्या घरातही कोणी वाचू शकते.

यानंतरचे काम सोपे आहे: थांबावे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार उसन्या पैशांसाठी ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, आणि मागताक्षणी परत करावयाच्या उसन्याची मुदत तुम्ही मागाल तेव्हापासून मोजली जात नाही, ती पैसे दिल्या दिवसापासूनच मोजली जाते. ही ३ वर्षे भरून काढण्याची जबाबदारी ऋणको, म्हणजे पैसे घेणारा, आनंदाने उचलतो. पहिल्या वर्षी द्राक्षाचे पैसे यायचे असतात, दुसऱ्या वर्षी कांद्याला भाव नसतो, तिसऱ्या वर्षी सिंहस्थाच्या कामांची बिले निघायची असतात. प्रत्येक कारण ऐकून ‘सावकाश द्या हो’ असे म्हणावे, म्हणजे त्यालाही वाटते की घाई फक्त कॅलेंडरला आहे. या काळात त्याच्याकडून ‘इतके देणे आहे’ अशी सहीची कबुली मिळाली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून ती घेण्याचे कटाक्षाने टाळावे. त्याने एखाद्या दिवाळीत ५,००० रुपये आणून दिलेच, तर ते घ्यावेत, चहा पाजावा आणि कोठेही काही लिहून घेऊ नये. कारण त्या हप्त्याखाली त्याची सही असती, तर तेवढ्यानेही नवी ३ वर्षे मिळाली असती. फोनवरचे ‘देतो ना आण्णा, पळून चाललो आहे का?’ हे कानाला कितीही गोड लागले, तरी ते सहीचे लिखाण नव्हे. मुदत संपल्यानंतरही त्याने सहीनिशी नव्याने लेखी वचन दिले, तर १८७२ चा करार कायदा ते मानतो. पण तीन वर्षे ज्याच्याकडे शब्द टाकवला नाही, त्याच्यापुढे चौथ्या वर्षी कागद कसा ठेवणार?

या ठिकाणी बँकेचे उदाहरण डोळ्यांपुढे आणून स्वतःला त्रास करून घेऊ नये. बँकही विनातारण कर्ज देते; वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड म्हणजे दुसरे काय? घरावर किंवा कारखान्यावर न्यायालयात न जाता ताबा घेण्याचा २००२ च्या सरफेसी कायद्याचा अधिकार केवळ तारणी कर्जापुरता असल्याने, विनातारण कर्जाच्या बाबतीत बँकेलाही शेवटी दाव्याचीच वाट धरावी लागते. फरक इतकाच, की तिने पहिल्या दिवशी पंचवीस सह्या घेतलेल्या असतात आणि ऋणकोची पत दाखविणारा ३०० ते ९०० मधला सिबिल गुणांक खाली आणण्याची सोय तिच्याजवळ असते. तुम्ही त्याची माहिती फार तर मेव्हण्याला देऊ शकता, आणि मेव्हण्याचेही त्याच्याकडे आधीच अडकलेले असतात. बँकेच्या वसुली एजंटालासुद्धा रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई केली आहे. हे वाचून चार धिप्पाड ओळखीचे घेऊन त्याच्या दारात उभे राहण्याचा मोह झाला, तर अवश्य राहावे. तुमच्या पैशांची तक्रार कोणी लिहून घेतली नव्हती, पण त्याची तुमच्याविरुद्धची तक्रार मात्र त्याच संध्याकाळी लिहून घेतली जाईल.

पोलीस ठाण्याबद्दलही गैरसमज नसावा. पैसे परत न करणे हा तेवढ्यानेच गुन्हा होत नाही. फसवणूक, म्हणजे पूर्वीचे ४२० आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८, लागण्यासाठी पैसे घेतानाच त्याच्या मनात कपट होते, हे दिसावे लागते. त्याने पैसे घेताना डोळ्यांत पाणी आणले होते, ही तुमची साक्ष कपटाच्या बाजूने धरावी की विरुद्ध, यावर विद्वानांत मतभेद होतील. ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असे ऐकून आपण घरी यावे. नुकसान भरून काढण्यासाठी पुढच्या लोकांना शेकडा तीनने, तोही दर महिन्याला, पैसे फिरविण्याची कल्पना याच सुमारास सुचते. परवान्याशिवाय सावकारीचा धंदा केल्यास महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अशा सावकाराला न्यायालय हुकूमनामाही, म्हणजे पैसे देण्याचा निकालही, देत नाही. म्हणजे आजवर तुमचे फक्त पैसे गेले होते.

पतसंस्थेचा मार्ग याहून सुटसुटीत आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिला वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जप्तीसुद्धा निघते. तो दाखला तुम्हाला मिळणार नाही, परंतु तुमच्याविरुद्ध मात्र निघू शकतो; त्यासाठी मित्राच्या कर्जाला जामीनदार म्हणून फक्त सही करावयाची. जामीनदाराचे देणे कर्जदाराइतकेच असते, आधी त्याला गाठा असे म्हणण्याची सवलत सहसा नसते, आणि नोकरी पक्की, पत्ता कायमचा, अब्रूची चाड असा माणूस त्या दोघांत बहुधा तुम्हीच असता. खिशातून एक रुपयाही न देता पैसे बुडविण्याची इतकी चांगली सोय दुसरी नाही.

आता चेकविषयी, कारण नाशिक जिल्ह्याचा या विद्येतला अनुभव जुना आहे. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार वर्षभर छाटणी, डिपिंग (म्हणजे घड औषधात बुडविणे) आणि फवारणी करून तयार केलेला लाखोंचा माल, ज्याचे फक्त टोपणनाव ठाऊक आहे अशा परगावच्या व्यापाऱ्याच्या गाडीत भरून देतो आणि बदल्यात एक चेक घेतो. तोही विनातारण धनकोच झाला, मात्र त्याला तसे कोणी म्हणत नाही. चेक वटला नाही, तर वचनचिठ्ठी-चेकविषयीच्या १८८१ च्या कायद्यातील कलम १३८ हे खरोखर धारदार शस्त्र आहे: २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, आणि देणे नव्हतेच हे सिद्ध करण्याचा भार चेक देणाऱ्यावर. म्हणून ते बोथट करण्याकडे विशेष लक्ष द्यावे. चेकचे आयुष्य ३ महिन्यांचे असते, तेवढे दिवस तो देवघरात ठेवावा. भरलाच आणि परत आलाच, तर बँकेकडून समजल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. हे सर्व दिवस ‘भाऊ, सोमवारी टाका, नक्की पास होईल’ या वाक्यात सहज मावतात. सोमवारी नोटिशीचा एकतिसावा दिवस असेल, तर सोमवारची अवश्य वाट पाहावी.

एवढे करूनही वाचकाचे धैर्य टिकले असेल आणि चुकून कागदही सापडला असेल, तर जुन्या सीबीएसजवळचे जिल्हा न्यायालय आहेच. वचनचिठ्ठी, चेक किंवा लेखी करार हाती असल्यास समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव करण्याची परवानगीच न्यायालयाकडे मागावी लागते. समन्स मिळाल्यापासून, हे शब्द त्यानेही वाचलेले असतात. समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ गेला की तो मुंबईला गेलेला असतो, आणि बेलिफ परतला की गंगापूर रोडवर फिरत असतो.

तरीही समजा, हुकूमनामा मिळाला. पेढे वाटण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, की निकाल म्हणजे वसुली नव्हे. तिच्यासाठी निराळी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, द्यावी लागते. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे, म्हणजे नेमकी एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत. गुरू पुन्हा सिंह राशीत येईपर्यंत तुम्ही निश्चिंत राहू शकता. जप्तीत त्याची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, कारागिराची हत्यारे आणि पत्नीचे मंगळसूत्र यांना हात लावता येत नाही, आणि ही तरतूद योग्यच आहे, हे रागाच्या भरातही मान्य करावे लागते. पगार असेल, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याचेच राहतात. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण असते. बंगला पत्नीच्या नावावर आहे. तो धनकोंना चुकविण्यासाठीच तसा केला, हे दाखवून तो व्यवहार रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी आणखी एक दावा, आणि तोवर वकीलसाहेबही तुम्हाला घरचेच समजू लागलेले असतात. दाव्याबरोबरच निकालापूर्वीची जप्ती मागितली असती, तर बंगला इकडचा तिकडे होण्यापूर्वी अडला असता. तो अर्ज तुम्ही संबंध बिघडतील म्हणून दिला नव्हता.

दिवाणी तुरुंगाची तर गंमतच आहे. ५,००० रुपयांहून मोठ्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोला ३ महिन्यांपर्यंत आत ठेवता येते, परंतु तेथील त्याच्या भोजनभत्त्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात ते तुम्हाला. शिवाय केवळ पैसे दिले नाहीत एवढ्यावरून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळले असे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. उसने गेले ते गेले, वर नाशिकरोडच्या कारागृहात त्याला दोन वेळा जेवू घालण्याचा मान तरी दुसऱ्या कोणाला कशाला द्यावा?

या सगळ्याच्या अलीकडे लोकअदालत आहे, आणि तिच्याविषयी वाकडे बोलायला जागा कमीच आहे. दाव्यापूर्वीही प्रकरण तिथे ठेवता येते, दावा चालू असताना मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असून त्यावर अपील नसते. तो येईल, तुमच्या पाया पडेल, निम्म्यावर तडजोड करा म्हणेल, आणि तुम्ही पाऊणवर याल. हप्ते ठरतील, सह्या होतील, आणि पहिल्या हप्त्याचा चेक तुमच्या हाती पडेल. तो बँकेत भरण्यापूर्वी त्याला एकदा फोन करून विचारून घ्यावे, म्हणजे बरे दिसते.