‘नाकातून गाठ, दुसऱ्या दिवशी घरी’: जरा थांबा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘मेंदूतली गाठ आता नाकातून दुर्बिणीने निघते. नवा शोध! टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, गोळ्या कायमच्या बंद.’ मावशीच्या पिट्यूटरीचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या उशाशी मी होतो, म्हणून लिहितोय.

ही गाठ मुळात मेंदूतली नव्हे. पिट्यूटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी, जेमतेम वाटाण्याएवढी, मेंदूच्या खाली कवटीच्या तळाच्या हाडात एका खोबणीत बसलेली. म्हणून तर नाकामागच्या पोकळीतून तिथे पोचता येतं. तिच्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

नवा शोध? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला श्लोफर या सर्जननी १९०७ साली नाकाच्या वाटेनेच अशी गाठ काढली होती, अख्खं नाक बाजूला उलटवून! दुर्बीण रुळली ती १९९०च्या दशकात.

‘टाका नाही’ वाचून हसू आलं. मेंदूभोवतालचं पाणी नाकात झिरपू नये म्हणून वाट बुजवावी लागते आणि त्यासाठी कधी पोटाची किंवा मांडीची चरबी घेतात. मावशीच्या पोटावर चार टाके होते.

घरी ती सहाव्या दिवशी आली. तोवर पाणी किती प्यायली, लघवी किती झाली, सगळं मी वहीत मांडत होतो. लघवी आवरणारं हार्मोन बिनसलं की माणूस तहानेने आणि बाथरूमच्या फेऱ्यांनी बेजार होतो. उलट आठवड्याभराने सोडियम घसरूही शकतं, म्हणून रक्त तपासायला परत बोलावतात. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं ठिबकलं तर सर्दी समजून बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

गोळ्यांचं म्हणाल तर शरीरात कमी पडलेली हार्मोन्स भरून काढायला हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन काहींना जन्मभर लागतात. आणि मेसेजवाल्याने मुख्य गोष्टच गाळलीय: प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, बनवणारी गाठ बहुतेकांची कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, ऑपरेशनची गरजच पडत नाही.

मावशीची गाठ मात्र डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. कडेचं दिसेना, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. ऑपरेशननंतर दुसऱ्या सकाळी, नाकात बोळे, मान सरळ, तिने विचारलं, “खिडकीचा पडदा पिवळा आहे का रे?” खिडकी तिच्या डाव्या हाताला होती.