काका, आधी 3.785 ने भागा

पेट्रोल महागलं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: "अमेरिकेत साडेतीन डॉलर, आणि आपल्याकडे बघा!" त्याखाली काकांचं ठरलेलं वाक्य: "आपल्या देशात काही धड होतच नाही." मी इथे ओहायोत दर आठवड्याला टाकी भरते. दोन्ही गोष्टींवर मला मनापासून बोलायचंय.

साडेतीन डॉलर हा गॅलनचा भाव आहे. अमेरिकन गॅलन म्हणजे 3.785 लिटर, भागाकार केला की लिटरला साधारण 92 सेंट पडतात. रुपयांचं गणित त्यानंतर. मागे चुलतभावाने 4.546 ने भागलं होतं, तो ब्रिटिश गॅलन. इंग्लंडने 1824 मध्ये आपला गॅलन बदलला, अमेरिकेने मात्र 231 घनइंचांचा जुना दारूचा गॅलनच ठेवला.

आता काकांचं वाक्य. आजी शेर, अच्छेर, पायली मोजत मोठी झाली. 1956 मध्ये कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापं आली, आणि एवढा मोठा, बहुतांशी निरक्षर देश काही वर्षांत लिटर-किलोवर गेला. आजीही दूध लिटरने घ्यायला लागली. अमेरिकेने 1975 मध्ये कायदा केला, पण तो ऐच्छिक. त्यासाठी नेमलेलं मंडळ 1982 मध्ये गुंडाळलं. म्हणून आजही माझ्या फ्रिजमध्ये दूध गॅलनचं आणि शेजारी कोक दोन लिटरचा.

याची किंमत मला एका रात्री कळली. लेकीला ताप होता. औषधाच्या टोपणावर टीस्पून आणि टेबलस्पून, दोन्हींच्या बारीक रेघा. टीस्पून म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे जवळजवळ 15. झोपेत एक रेघ चुकली की डोस तिप्पट. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच 2015 मध्ये सांगितलं, मुलांची पातळ औषधं फक्त मिलिलिटरमध्ये लिहा. व्हिडिओ कॉलवर आई म्हणत होती, "चमचाभर दे गं." मी सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरली, पाचच्या रेघेपर्यंत भरली आणि तिला दाखवली.

"हां, पाच एमएल," आई म्हणाली. "बरोबर आहे, दे आता."