लग्नाची कॅसेट म्हणजे पापड नव्हे

परवा सकाळी रत्नागिरीहून मावशीने फोटो पाठवला. गच्चीवर जुनी साडी अंथरलेली. एका कडेला कुरडया, दुसऱ्या कडेला ओळीने मांडलेल्या नऊ व्हीडिओ कॅसेट. खाली ओळ : "बुरशी घालवतेय. मग डीव्हीडी करू." मी तिथल्या तिथे फोन लावला आणि आधी त्या कॅसेट सावलीत घ्यायला लावल्या. तोवर त्यातल्या दोन आदल्या दिवसाचंही ऊन खाऊन बसल्या होत्या.

हे तिला कोणी शिकवलं? व्हॉट्सॲपने, दुसरं कोण. तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय आणि पाठवणाऱ्यांत एक निवृत्त इंजिनिअर आहेत. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात मजकूर असा : जुन्या व्हीएचएस कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवरून फुकटात डीव्हीडीवर घ्या. बुरशी आली असेल तर दोन दिवस कडक ऊन दाखवा, मग रिबीन सॅनिटायझरच्या कापसाने पुसा. कुठलाही यूएसबी कनेक्टर चालतो. व्हीसीआर फास्ट फॉरवर्डला लावा, तीन तासांची कॅसेट अर्ध्या तासात उतरते, वेग सॉफ्टवेअर नंतर नीट करतं. फोर-के निवडा, चित्र नव्यासारखं येतं. डीव्हीडी शंभर वर्षं टिकते, त्यामुळे कॅसेट भंगारात द्या, नाहीतरी त्या वीस वर्षांनी आपोआप कोऱ्या होतात. आणि शेवटी, 'दुकानदार तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत.'

दुकानदार सांगणार नाहीत, कारण त्यांनाही थोडी लाज असते.

मी या धंद्यातली नाही. 2021 च्या पावसाळ्यात घरी बसून आमच्या आणि नातेवाइकांच्या मिळून 37 कॅसेट उतरवल्या आणि त्यातल्या दोन स्वतःच्या हाताने बिघडवल्या, एवढाच माझा अधिकार. पण उन्हाचा हा सल्ला वाचायला अधिकार लागत नाही, कॅसेटच्या आत काय असतं एवढं माहीत असलं तरी पुरे.

आत अर्धा इंच रुंद पॉलिएस्टरची रिबीन असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर आणि ती भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ. चित्र या रिबिनीवर तिरक्या रेघांत लिहिलेलं असतं आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत एकेक रेघ साधारण 49 मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक. आवाज मात्र तिथे नसतो. साध्या व्हीएचएसमध्ये तो रिबिनीच्या वरच्या काठावर एका मिलिमीटरच्या पट्टीत असतो. खालच्या काठावर आणखी एक पट्टी असते, तिच्यातल्या खुणांवरून यंत्राला कळतं की रेघा कुठे सुरू होतात. म्हणजे माणसांचे आवाज आणि चित्राचा ताल, दोन्ही काठांवर. आणि काळ्या प्लास्टिकची पेटी एप्रिलच्या उन्हात तापली, आतली रिबीन सैलावली, आखडली, की पहिले मुडपतात ते काठच. चित्र दिसत राहतं आणि आवाज बुडतो.

"अगं पण उन्हाने बुरशी मरते ना? गाद्या नाही का आपण टाकत?" मावशीचा प्रश्न. बरोबर आहे, गादीची मरते. पण गुंडाळलेल्या रिळात ऊन शिरतच नाही. वेढ्यांच्या मधली बुरशी सावलीत आरामात बसते आणि भट्टीत भाजून निघते ती रिबीन. शिवाय कोकणातली हवा. भुकटी धरून ठेवणारा तो चिकट पदार्थ ओल आणि उष्णता यांनीच खराब होतो, आणि रत्नागिरीच्या गच्चीवर दोन्ही एका जागी मिळतात.

सॅनिटायझरबद्दल काय बोलावं? त्यात स्पिरिट असतं हे खरं. पाणी, हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन आणि वासासाठी काहीबाहीही असतं. ते रिबिनीला लावायचं, वर कापसाचे धागे चिकटवायचे आणि मग तीच रिबीन यंत्राच्या हेडवरून, म्हणजे रिबीन वाचणाऱ्या भागावरून, फिरवायची! पूर्वी व्हीसीआर दुरुस्त करणारे स्पिरिट वापरत, ते हेड पुसायला, पांढऱ्या कागदाला लावून. रिबिनीला नव्हे. बहुतेक त्या आठवणीचीच कोणीतरी ही खिचडी केली आहे.

बुरशीची कॅसेट आधी यंत्रात घालायची नाही, ही पहिली गोष्ट. घातलीत तर पांढरी भुकटी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते (माझ्या दोनपैकी एक अशीच गेली). गच्च झाकणाचा डबा घ्यायचा, त्यात सिलिका जेल, आणि दोन-तीन आठवडे घरातल्या कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवून द्यायचा. बुरशी वाळली की बाहेर मोकळ्या हवेत, नाकातोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने वरची भुकटी झटकायची. आत खोलवर गेली असेल तर हात लावू नका, जाणत्या माणसाकडे द्या. पैसे जातील, जाऊ देत.

आता फास्ट फॉरवर्ड. या मुद्द्यावर मी हसले, मग लक्षात आलं की लोक हे खरंच करतील.

व्हीसीआरमध्ये रिबीन सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही. गरगर फिरतो तो आतला ड्रम, मिनिटाला 1500 वेळा. त्याच्यावरचे हेड त्या तिरक्या रेघा एकामागून एक वाचतात. फॉरवर्ड केलं की रिबीन पळते, हेड एका रेघेवर टिकत नाही, तीन-चार रेघांचे तुकडे ओरबाडत जातो. पडद्यावर त्या पांढऱ्या मुंग्यांचे पट्टे दिसतात ते यामुळेच. आवाज तर यंत्र बंदच करून टाकतं. मग सॉफ्टवेअर नीट काय करणार? जे वाचलंच नाही ते आणणार कुठून? घाईघाईत पानं उलटताना काढलेल्या फोटोंवरून पोथी वाचून दाखवा म्हणण्यासारखं आहे हे. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात. स्वयंपाक करा, अधूनमधून डोकावा, दुसरा मार्ग नाही. फॉरवर्डचा खरा उपयोग एकच : वर्षानुवर्षं पडून राहिलेली स्वच्छ कॅसेट चालवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे घ्यावी, म्हणजे रिळाचा ताण सारखा होतो.

'कुठलाही कनेक्टर चालतो' हे मी निम्मं मान्य करते, कुरकुरत. पिवळी, लाल, पांढरी पिन आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असं ते स्वस्त डबडं माझ्याकडेही होतं आणि पहिल्या दहा कॅसेट त्यानेच उतरवल्या. चालतं. पण सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडलंय का ते पाहा. माझ्याकडे ते आपोआप अमेरिकेच्या एनटीएससीवर होतं, आणि काकूंच्या डोहाळजेवणातली हिरवी साडी काळी-पांढरी होऊन पडद्यावर वरखाली लोळायला लागली. काकू म्हणाल्या, कॅसेट गेली. कॅसेटला काही झालं नव्हतं. उलट न्यू जर्सीच्या भाच्याने तिकडून पाठवलेली बारशाची कॅसेट असेल तर एनटीएससीच निवडायचं, आणि ती वाचणारा व्हीसीआरही लागतो. आपल्याकडचे सगळे वाचत नाहीत.

फोर-के? पाल चित्रात दिसणाऱ्या ओळीच 576. आडवा बारकावा व्हीएचएसवर जेमतेम 240 ओळींचा उरतो. तो 720 बाय 576 मध्ये, सेकंदाला 25 चित्रांनी आरामात मावतो. त्याहून मोठी फाइल करून हार्ड डिस्क भरेल, नवरीच्या नथीतले मोती मोजता येणार नाहीत. पुढे.

शंभर वर्षं टिकणारी डीव्हीडी. इथे मी कोणाचंही ऐकून बोलत नाही. कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट ही कॅनडा सरकारची, संग्रहालयांतल्या वस्तू कशा जपाव्यात हे सांगणारी संस्था आहे. लिहिता येणाऱ्या डिस्क किती टिकतात याचा तक्ता तिने दिला आहे. आपण दुकानातून आणतो त्या साध्या चंदेरी डीव्हीडी-आरला त्यात 10 ते 20 वर्षं आहेत. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूला 5 ते 10. सोन्याचा थर असलेल्या डीव्हीडी-आरला 50 ते 100, म्हणजे मेसेजवाल्याने हा आकडा कुठूनतरी ऐकला असणार, फक्त सोनं गाळलं. आणि हे सगळं डिस्क नीट लिहिली आणि नीट ठेवली तर. टीव्हीच्या कपाटात एकावर एक रचून ठेवली तर नाही.

त्यात मोजमापाचाही घोळ आहे. एका डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं. दोन तासांचं चित्र त्यात बरं बसतं. तीन तासांची आख्खी कॅसेट कोंबली की हळदीच्या गर्दीचे चौकोन चौकोन होतात. दोन डिस्क करा. किंवा डीव्हीडी फक्त टीव्हीवर लावून बघायला करा आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवा, दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. एवीतेवी नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच असते कुठे?

राहिला भंगाराचा सल्ला, आणि माझा खरा राग याच्यावर आहे.

माझ्या मावसभावाच्या मुंजीची कॅसेट होती. 2009 साली त्याने ती एका दुकानात दिली, डीव्हीडी करून आणली आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅसेट तिथेच टाकून दिली. ती डीव्हीडी आता चाळिसाव्या मिनिटाला अडकते, पुढे जातच नाही. पण ते सोडा. पहिल्या चाळीस मिनिटांतही बोलणं ऐकू येत नाही. दुकानाने आपलं कौशल्य दाखवत मधली 'बडबड' काढून वर सनई घातली होती. त्या बडबडीत आजोबा होते, भिक्षावळीत बटूला चिडवत होते. चित्रात त्यांचे ओठ हलतात आणि सनई वाजते. कॅसेट असती तर काठावरच्या त्या एका मिलिमीटरमध्ये ते अजून बोलत असते.

वीस वर्षांनी कॅसेट आपोआप कोरी होते, हेही खोटं. चुंबकीय भुकटी एखाद्या सकाळी उठून सगळं विसरत नाही. माझ्याकडे 1988 सालची कॅसेट आली होती, रंग थोडे फिके, वर एक थरथरता पट्टा, बाकी उत्तम. पण घाई करायला हवी, हे मला कबूल करावंच लागेल. रिबीन हळूहळू खराब होतेच, आणि तिच्याआधी संपताहेत यंत्रं. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं 2016 च्या जुलैमध्ये थांबवलं, ती शेवटची उत्पादक मानली जाते. आता जे आहेत ते जुनेच, रबरी पट्टे ढिले झालेले, आणि दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने तर 2015 मध्येच बजावलं होतं की 2025 पर्यंत न उतरवलेल्या बहुतेक टेप हातच्या जातील. त्यामुळे उतरवा, याच वर्षी उतरवा. पण कॅसेट पुन्हा कव्हरमध्ये घालून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा. पहिल्यांदा नीट उतरलं नाही तर पुन्हा करायला मूळ वस्तू लागते.

काल रात्री मावशीचा पुन्हा फोन. ऊन खाल्लेल्या दोन कॅसेटमधली एक तिच्या लग्नाची, 1991 ची. काका जाऊन सहा वर्षं झाली.

"त्यांनी नाव घेतलं होतं गं. सगळ्यांनी दार अडवलं होतं तेव्हा. ते असेल ना त्यात?"

मी तिला त्या वरच्या काठाच्या पट्टीचं सांगितलं. दोन दिवसांच्या उन्हाने काय केलंय ते चालवल्याशिवाय कळणार नाही, आणि वाळल्याशिवाय चालवायची नाही, हेही सांगितलं. पुढच्या महिन्यात मी माझा व्हीसीपी, म्हणजे कॅसेट नुसती चालवणारं यंत्र, मांडीवर घेऊन रत्नागिरीला जाणार आहे. तोवर गच्च झाकणाचा डबा हवा, म्हटलं, मोठा, नऊच्या नऊ मावतील असा.

"तसा एकच आहे," मावशी म्हणाली. "थांब, कुरडया पिशवीत काढते."