‘व्यवस्थित पॅक करून पाठवतो’ म्हणजे नक्की काय?

जुनं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) किंवा अँप्लिफायर ऑनलाइन घ्यायचं म्हटलं की सगळे आधी फसवणुकीचं बोलतात. भीती रास्त आहे, त्यावर खाली लिहिलंय. पण माझं मत विचाराल तर विकणाऱ्याच्या लबाडीपेक्षा त्याच्या पॅकिंगने जास्त सामान मरतं. त्याच्या घरी मशीन खरोखर चालत असतं, व्हिडिओही खरा असतो. मग तो टीव्हीच्या जुन्या खोक्यात दोन उशा कोंबतो, वर चिकटपट्टीचे चार वेढे मारतो आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकतो. सकाळी तुमच्या हातात भंगार. त्यामुळे पॅकिंगचं बोलणं भाव ठरवतानाच करा. ‘पॅकिंगचे हजार रुपये वेगळे देतो, पण मी सांगतो तसं करायचं’ असं सरळ म्हणा. जो ऐकायलाच तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका, वस्तू कितीही सुंदर असो.

टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ घेऊ उदाहरणाला. १९७९ साली आलेलं हे मशीन जुन्या बाजारात अजून हातोहात खपतं. वजन साधारण १२ किलो, त्यात नुसता प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, पावणेदोन किलोंच्या आसपास. बहुतेक लोक हा प्लॅटर जागेवरच ठेवून पाठवतात, आणि सगळं रामायण तिथून सुरू होतं. खोका आपटला की ते सगळं वजन मधल्या स्पिंडलवर आणि बेअरिंगवर आदळतं. शिवाय प्लॅटर उसळून शेजारच्या टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) धडकतो.

म्हणून आधी रबर मॅट काढायची. प्लॅटरला दोन भोकं असतात, त्यांत बोटं घालून तो सरळ वर उचलायचा. याच्या खालच्या बाजूला मोटरचं चुंबक असतं, तिथे लोखंडी कीस पटकन चिकटतो. म्हणून प्लॅटर वेगळा गुंडाळून खोक्याच्या तळाशी ठेवायचा आणि मशीन व त्याच्यामध्ये फोमचा जाड थर द्यायचा. हेडशेल, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुईवाला तुकडा, कॉलर फिरवून काढायचं, सुईसकट छोट्या डबीत. मागचं काउंटरवेट फिरवून काढायचं. अँटी-स्केटिंगचा नॉब शून्यावर. टोनआर्म रेस्टवर बसवून क्लिप लावायची आणि वरून मऊ सुती दोरीने बांधायचा. चिकटपट्टी नको, रबरबँडही नको. पट्टीने रंग निघतो आणि रबर उन्हात वितळून चिकटतं. झाकण बिजागरीतून वर ओढून सोडवायचं आणि वेगळं गुंडाळायचं. त्याच्यावर थेट बबल रॅप लावलं तर गरम डिकीत बुडबुड्यांचे गोल ठसे ॲक्रिलिकवर कायमचे उठतात. आधी सुती कापड किंवा बटर पेपर, मग बबल रॅप.

स्प्रिंगवर तरंगणाऱ्या बेल्ट ड्राइव्ह मशीनची गोष्ट वेगळी. थोरेन्स टीडी १६० सारख्या मशीनमध्ये आतली चौकट तीन स्प्रिंगांवर असते. प्रवासात ती घट्ट धरणारे मूळ ट्रान्झिट स्क्रू हरवले असतील तर ती चौकट हलू नये म्हणून फोमचे तुकडे घालून दाबून धरावी लागते. बेल्ट काढायचा, बाहेरचा आणि आतला असे दोन्ही प्लॅटर काढायचे.

खोका दुहेरी हवा. आतला ५ प्लायचा, बाहेरचा ७ प्लायचा, आणि दोघांच्या मध्ये सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर फोम. पॅकिंगवाल्यांकडे ईपीई फोमची शीट मिळते, तीच घ्या. वर्तमानपत्राचे बोळे प्रवासात दबून अर्धे होतात आणि मशीन आत सुटं खेळायला लागतं. थर्मोकोलच्या दाण्यांचा तर मला मनस्वी राग आहे: जाळीतून आत शिरतात, सर्किटवर बसतात, आणि वर्षभराने पॉटमधून (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या भागातून) बाहेर निघतात.

अँप्लिफायरमध्ये खरा शत्रू ट्रान्सफॉर्मर. तो एका बाजूला असतो, त्यामुळे खोका पडला की बहुतेक त्याच कोपऱ्यावर पडतो आणि पत्र्याची चेसिस वाकते. २५ किलोंच्या वर वजन असेल तर खाली १२ मिलिमीटरची प्लायवूड हवीच. पुढच्या पॅनेलसमोरचा फोम मधून कापून घ्या, म्हणजे दाब पॅनेलच्या कडांवर येईल, नॉबवर येणार नाही. व्हॉल्यूमच्या नॉबला समोरून ठोसा बसला की आतला शाफ्ट वाकतो, आणि तसाच पॉट नंतर शोधत मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली पालथी घालावी लागते. व्हॉल्व्ह (काचेच्या ट्यूबचा) अँप असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह काढून, कुठल्या सॉकेटचा ते लिहून, वेगळा गुंडाळायचा.

स्पीकर एका खोक्यात एकच. जोडी कधीही एकत्र नको.

आता व्हिडिओ. तो एका दमात, मधे न कापता काढलेला मागा. सुरुवातीला तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, मग मागचा सिरियल नंबर, मग चालू करणं. अँपमध्ये प्रोटेक्शन रिले (स्पीकर वाचवणारा स्विच) असेल तर काही सेकंदांनी टक् आवाज यायला हवा. गाणं न लावता व्हॉल्यूम शून्यापासून वरपर्यंत फिरवायला सांगा. खरखर आली तर पॉट साफ करावा लागेल, जाड गुंजन आलं तर फिल्टर कपॅसिटर संशयित. टर्नटेबलला स्ट्रोब (वेग तपासायचा दिवा) असेल तर पिच शून्यावर असताना ठिपक्यांची एक रांग जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. स्पीकरच्या वूफरची फोमची कड बोटाने हलकेच दाबून दाखवायला सांगा. फोम कुजलेला असेल तर तिथेच चुरा पडतो. कॅसेट डेकमध्ये प्ले, रिवाइंड, फॉरवर्ड तिन्ही दाखवायला सांगा. जुने बेल्ट डांबरासारखे वितळलेले असतात आणि विकणारा नुसते दिवे लागलेले दाखवून ‘चालू आहे’ म्हणतो.

मागच्या पॅनेलवरचा व्होल्टेजचा फोटो न पाहता एक रुपयाही देऊ नका. जपानी बाजारातलं मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर थेट लावलं की संपलं, आणि ११० चा ट्रान्सफॉर्मर लावून वर्षानुवर्षं चालवलेलं असेल तर ते आतून भाजत आलेलं असतं. त्या रिसीव्हरचा एफएमही ७६ मेगाहर्ट्झपासून ९०च्या आसपास थांबतो, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं त्यात नाहीतच. अमेरिकेतून आलेल्या बेल्ट ड्राइव्हमध्ये ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) असेल तर व्होल्टेज बदलूनही उपयोग नाही. ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे पडतात आणि लताबाई जड घशाने गातात. पुली बदलावी लागते.

पैशाचं थोडक्यात: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. ‘मी आर्मीत आहे, बदली झालीय, अर्ध्या किमतीत देतो’ हे ओळखपत्राच्या फोटोसकट आलं की ब्लॉक करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन. एरवी टोकन व्हिडिओनंतर, मोठा हिस्सा पॅकिंगचे फोटो आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हातात आल्यावर.

कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. ५५ बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरचा खोका, भागिले ५०००, म्हणजे जवळपास १५ किलोंचे पैसे. ट्रान्सपोर्टला टाकलं तर स्वस्त, पण बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असतं, ते वाचा. ‘टू पे’ (भाडं घेणाऱ्याने द्यायचं) की ‘पेड’ (पाठवणाऱ्याने भरलेलं), गोडाऊन डिलिव्हरी की घरपोच, हमाली कोणाची, हे आधीच ठरवा. विमा घेत असाल तर जुनं इलेक्ट्रॉनिक सामान त्यात बसतं का ते लेखी विचारा. जून ते सप्टेंबर बसच्या टपावर काहीही नको. आतल्या खोक्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि सिलिका जेल. आणि २० किलोंच्या वरचं चांगलं मशीन चारपाचशे किलोमीटरच्या आत असेल तर रात्रीची गाडी पकडा आणि स्वतः घेऊन या. तिकिटाचे पैसे जातात, झोप जाते, पण मशीन येतं.

खोका आला की सही करण्याआधी सहाही बाजूंचे फोटो. दबलेला असेल तर पोचपावतीवर तसं लिहून मगच सही. उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. मशीन हलकं तिरपं करून ऐका: आत काही खळखळतंय का? सुटा स्क्रू सर्किटवर पडलेला असतानाच चालू केलं तर दोष कुणाला देणार? पावसाळ्यात चारपाच तास तसंच उघडं ठेवा.

ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपचं पहिलं चालू करणं सिरीज बल्बवर. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लाइनमध्ये मालिकेत. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर झगमगून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा आणि व्हिडिओ विकणाऱ्याला पाठवा. बल्ब मंद झाला तर तो काढून अँप थेट लाइनवर घ्या आणि स्पीकर न जोडता मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. ५० च्या आत असेल तर निश्चिंत. १०० च्या वर असेल तर मेकॅनिककडे न्या, आणि तोवर स्पीकरच्या वायरी टर्मिनलपासून लांबच ठेवा.